पेडल आमचंच घ्यावं लागेल

दुधाच्या पिशवीवरची तारीख तीनदा वाचते म्हणून घरात तिला ‘शंकासुर’ म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. सतरा वर्षं इस्पितळाच्या तळघरात बसून, डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकत तिने रुग्णांचे अहवाल टाइप केले होते. डॉक्टर बोलत तोंडात घास धरून. एकाला तर डावा पाय आणि उजवा पाय यांत फारसा फरकच वाटत नसे. अशा वेळी तळघराचा नियम एकच: नीट ऐकू आलं नाही तर मनाने काही लिहायचं नाही, जागा रिकामी सोडायची आणि तपासनिसाला विचारायचं. या नियमामुळे एका माणसाचा धडधाकट पाय वाचला, असं ती सांगे.

“त्या माणसाला माहीत आहे का हे?” नवरा विचारी.

सासूबाई घसरून पडल्या, खाटेला खिळल्या आणि तिची नोकरी सुटली. त्याला दोन वर्षं झाली. घराबाहेर पडणं शक्य नव्हतं, आणि हात तर सारखे शिवशिवत. रिकाम्या टेबलावरही ती बोटं आपटी. शेवटी घरबसल्या तेच काम देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात नवऱ्यानेच शोधून काढली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘कोणतीही फी नाही.’

“फीचं कोणी विचारलं होतं का यांना?” ती म्हणाली.

“अगं, चांगलं सांगतायत तरी तुझं तोंड वाकडं!”

चाचणी झाली, निवड झाली, करार आला. नवऱ्याने पहिलं पान वाचून ‘छान’ म्हटलं. ती नवव्या पानापर्यंत गेली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत उपकरणांची अनामत बसली होती. हेडफोन, सॉफ्टवेअरचा परवाना आणि पायाने दाबायचं पेडल. दाबलं की आवाज चालतो, सोडलं की थांबतो. तिच्याकडे जुनं पेडल होतंच. तिने फोन लावला.

“ताई, पेडल आमचंच घ्यावं लागेल,” पलीकडचा साहेब मधाळ आवाजात म्हणाला. “काम अठ्ठ्याण्णव टक्के अचूक असलं की सहा महिन्यांनी सगळे पैसे परत.”

“अचूक आहे की नाही, ते ठरवणार कोण?”

“आमचे तज्ज्ञ, ताई.”

नवरा खुशीत आला. “तुझ्या हातून चूक होते कधी? पैसे परत आलेच समज.” आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेलं पाकीट त्याने कपाटातून काढूनही आणलं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “दे बाई, दे. माझं काय, अंधुक दिसतंय तेच बरं. निदान याचं तोंड तरी स्पष्ट दिसत नाही.”

ती पाकिटाकडे बघत राहिली. नोकरी तिला हवीच होती, अगदी आतून हवी होती. म्हणूनच तिला स्वतःचाही संशय येत होता. मग तिने साहेबाला कळवलं, पैसे भरण्याआधी आणखी एक चाचणी द्या.

अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा दुखत होता. तिने आपल्या जुन्या पेडलवर पाय ठेवला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच मनाने लिहिलं. गृहस्थांच्या डाव्या गुडघ्याला खोकला झाला, उजव्या कानातून दोन दात काढले, बाळ-बाळंतीण सुखरूप.

“अगं, काय करतेस हे!” नवरा कपाळावर हात मारून म्हणाला. “हातची नोकरी घालवशील!”

“थांबा हो जरा.”

तिने ते पाठवलं आणि चौथ्या मिनिटाला उत्तर आलं : ‘अभिनंदन! शंभर टक्के अचूक. अनामत आजच भरा.’

नवऱ्याने ते दोनदा वाचलं. मग घड्याळाकडे पाहिलं. “रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं ना?”

“हो. आणि यांचे तज्ज्ञ चार मिनिटांत ऐकून, तपासून, मार्क देऊन मोकळे.”

तेवढ्यात साहेबाचाच फोन आला. “ताई, आज शेवटचा दिवस बरं का. भरताय ना?”

“भरते हो. आधी एवढं सांगा, बाळाचं वजन किती भरलं?”

“कोणाच्या बाळाचं?”

“त्या आजोबांच्या.”

पलीकडून फोन कट. पुन्हा लावला तर लागेना. नवऱ्याने पाकीट परत कपाटात ठेवलं. सासूबाईंना मात्र हसू आवरेना. “सूनबाई, मुलगा झाला की मुलगी, ते तरी सांग!”

ती हसली नाही. नोकरी अजून मिळायचीच होती. तिने पुढची जाहिरात उघडली. ‘सर्व साहित्य मोफत,’ तिथे लिहिलं होतं. तिने नंबर फिरवला आणि पलीकडून ‘हॅलो’ येताच विचारलं, “मोफत म्हणजे नेमके किती?”