पाहुण्यांसाठी आवरलेली शाळा

आयोवातील आमच्या लहानशा गावात पाहुणा येणार म्हटला की आधी झाडू निघतो, मग कॉफी चढते. अस्वच्छ घर परक्याच्या दृष्टीस पडणे हे येथे जवळजवळ पाप मानले जाते. डेल्बर्ट टेस्मर याच संस्कारात वाढला आणि गावच्या शाळेची झाडलोट-देखभाल करणारा कर्मचारी म्हणून त्याच संस्काराने त्या इमारतीची सेवा करीत राहिला. ती सेवा होती असेच मी म्हणेन. पूजेची भांडी घासणाऱ्याच्या हातात जी एकाग्रता असते, ती त्याच्या फरशी पुसण्यात होती.

इमारत मात्र जीर्ण झाली होती. सपाट छत पावसाळी दिवसांत पाझरे, ग्रंथालयाच्या छतावर तपकिरी डाग पसरत, आणि भोजनगृह तळघरात असल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या मारिट ऑस्बी या मुलीला रोज दुपारी डेल्बर्ट दोन्ही हातांवर उचलून जिना उतरवी. नवे भोजनगृह, खुर्चीसाठी उतरता मार्ग आणि नवे छत यांसाठी शाळा-मंडळाने कर्जरोखे काढावेत, आणि ते फेडण्यासाठी घरपट्टी वाढावी, असा प्रस्ताव मतदानाला आला. आमच्याकडे अशा प्रस्तावाला साधे बहुमत पुरत नाही. दर पाच मतांत तीन अनुकूल लागतात.

मतदानापूर्वीच्या एका शनिवारी गावकऱ्यांना शाळा दाखवायचे ठरले. शाळांच्या अधीक्षक वेंडा हॉलिंगर जाता जाता म्हणाल्या, "डेल्बर्ट, शनिवारी माणसं येतील हं. शाळा तयार ठेवा."

त्याने ती तयार ठेवली. डागांवर दोन हात पांढरा रंग दिला. व्हरांड्यातल्या गळतीखालच्या बादल्या उचलून कोठारात ठेवल्या. जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्यांना नवे रबर ठोकले, कठड्याला पॉलिश केले. शुक्रवारी तो घरी जेवायलाही गेला नाही. पत्नी आयोन डबा घेऊन आली आणि शिडीखाली बसून राहिली.

शनिवारी आकाश निरभ्र होते. शाळेला सुट्टी, म्हणून मारिटही नव्हती. लोक केकच्या वड्या खात, कॉफीचे पेले सांभाळत वर्गांतून हिंडले. मक्याचा शेतकरी हार्लन डिर्क्स जमिनीकडे पाहून म्हणाला, "अरे, माझ्या बायकोचं स्वयंपाकघर इतकं चकाकत नाही. तिला सांगू नकोस."

"थोडा हात फिरवला, एवढंच," डेल्बर्ट म्हणाला.

"मग नवीन कशाला हवंय? जुन्याला धाड भरलीय का?"

सगळे हसले. डेल्बर्टही हसला. पुढे त्याला आयुष्यभर बोचत राहिले ते हेच हसू. रंग दिला ते अजाणता. पण त्या क्षणी प्रश्न कानावर पडला होता, उत्तर ठाऊक होते, आणि कौतुकाच्या गोडीने त्याची जीभ बांधली गेली.

प्रस्ताव पडला, थोडक्या मतांनी. दुसऱ्या दिवशी मारिटला उचलून तो जिना उतरत असता ती म्हणाली, "आपण हरलो ना?"

"हो गं."

"म्हणजे मला आता बारीकच राहायला हवं. नाहीतर तुमची पाठ मोडायची."

तिने ते गमतीने म्हटले होते. पण ताटातील अर्धे जेवण तिने तसेच सोडले, आणि तिने ते रोजच सोडले असेल का, हा प्रश्न त्याच्या मनात प्रथमच आला. त्याला तिच्याकडे पाहवेना.

तो तडक अधीक्षकांकडे गेला. "बाई, प्रस्ताव मी पाडला. माझ्या रंगानं."

वेंडाबाईंनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "तयार ठेवा म्हणजे तुम्ही काय करणार, हे मला कळायला नको होतं? त्या शनिवारी आत पाऊल टाकलं तेव्हाच कळलं. पण चारचौघांत तुम्हाला कसं बोलणार?"

पुढच्या वर्षी प्रस्ताव पुन्हा आला. मंडळातील कुणीतरी सुचवले, मारिटलाच बोलवावे, तिला जिन्यावरून नेताना लोकांना दिसू द्यावे. डेल्बर्ट सहसा सभेत बोलत नसे. तो उभा राहिला. "लेकराला दाखवायला मांडायचं नाही. लाजच दाखवायची तर माझी आहे की."

त्या वर्षभर त्याने रंगातून पुन्हा उमटलेल्या डागांना हात लावला नाही. आयोन सांगते, तो घरी येऊन स्वतःची मोरीच पुन्हा पुन्हा घाशी. हातांना कुठेतरी काम हवे होते. शाळा दाखवण्याच्या दिवशी पाऊस लागला होता. व्हरांड्यात बादल्या टपटपत होत्या, ग्रंथालयात ओलसर वास होता, पायऱ्यांचे पुन्हा उखडलेले रबर तसेच होते. दाराशी डेल्बर्ट इस्त्रीचा सदरा घालून उभा होता.

आर्लीस क्रोगमन ही त्याची चर्चमधील जुनी सोबतीण. तिने छताकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "डेल्बर्ट, गेल्या वर्षी कसं आरशासारखं होतं रे. म्हातारा झालास, की आळशी?"

मागे हार्लनही उभा होता. खरे कारण सांगावे, असे डेल्बर्टच्या ओठांपर्यंत आले असणार. सांगितले असते तर त्याचे नाव निर्मळ राहिले असते. पण मग डागांपेक्षा ते मुद्दाम राखण्याच्या युक्तीचीच चर्चा गावभर झाली असती.

"दोन्ही," तो म्हणाला. "बघून पाय टाक, तिथं ओलं आहे."

आर्लीसने मान हलवली. "तुझ्या आईनं हे पाहिलं असतं तर," एवढेच बोलून ती पुढे गेली. त्याचे कान लाल झाले. पण त्याने दार सोडले नाही, येईल त्याला आत घेत राहिला.

रोखे मंजूर झाले. भोजनगृह आता जमिनीलगत आहे. गावात मात्र अजून बोलले जाते की शेवटी शेवटी डेल्बर्टचे कामावरून लक्ष उडाले होते, आणि ते त्याच्यासमोर बोलले गेले तरी तो खोडून काढीत नाही.