आईची हाक आणि चुलतभावाची हळद

आई गेल्यानंतरही वर्षभर आमच्या शेळ्या संध्याकाळी तिच्याच हाकेवर घरी यायच्या.

यात भुताटकी काही नव्हती. तिच्या शेवटच्या पावसाळ्यात मी मोबाईलवर तिचं शूटिंग केलं होतं. "चंद्रेऽ, मोरेऽ, या गं बायांनो!" आणि लगेच माझ्याकडे वळून, "मेल्या, फोटू कसलं काढतुयास, करडं आत घे!" मोबाईल पुढं धरणात पडला (माझ्याच खिशातून), पण व्हिडिओ हार्डडिस्कवर होता. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती टीव्हीला जोडून घेतली. दिवस कलला की आवाज फुल! माळावरून शेळ्या धावत यायच्या, आणि शिवी मात्र रोज मला! पुढंपुढं शेळ्या बांधून झाल्यावरही आबा हाक लावायचे.

मग चुलतभावाची हळद आली. ड्रोनचं शूटिंग मावेना, म्हणून मी हार्डडिस्क फॉरमॅट करून काठोकाठ भरली. अगदी बिनधास्त! कारण व्हिडिओ लॅपटॉपवरही होता. (होता तो नुसता शॉर्टकट, डिस्ककडे बोट दाखवणारा. हा शोध नंतर लागला.)

दुसऱ्या संध्याकाळी आबांनी बटण दाबलं आणि डीजे दणाणला! शेळ्या उलट्या डोंगराकडे उधळल्या. आबा टीव्हीच्या मागं जाऊन वायर हलवत राहिले. शेवटी मी त्यांना खरं सांगून टाकलं.

सकाळी आम्ही नसरापूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दुपारपर्यंत खटपट केली.

"नुसतं पुसलेलं असतं तर आणलं असतं," तो म्हणाला. "पण त्याच जागेवर दुसरं भरलंय. आता न्हाई यायचं."

"आवो, आमचं जुनं गाव धरणात गेलंय," आबा त्याला समजावू लागले, "पर उन्हाळ्यात पानी हटलं की देवळाचा चौथरा दिसतुया. तसा हळदीचा पिच्चर पुसा की. खाली आमची ही असंल."

"आबा, पाण्याखाली चौथरा तसाच ऱ्हातो. हितं खालचं काय उरतच न्हाई," दुकानदार म्हणाला.

एसटीत आबांनी डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती. "उन्हाळ्यापातूर थांबून बघू," एवढंच बोलले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी खिडकीकडे तोंड करून रडलो.

घरी आलो तर शेळ्या अजून डोंगरातच. काहीतरी करायला हवं म्हणून मी आईच्या आवाजात हाक दिली, "चंद्रेऽ, मोरेऽ!" शेळ्यांनी माना वर केल्या, नीट ऐकलं आणि जीव घेऊन आणखी वर पळाल्या! आबा हसायला लागले. हसता हसता त्यांचा बांध फुटला. बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाले,

"उद्यापासनं तू डोंगराच्या वरल्या अंगाला जाऊन वरड. मंजी भिऊन खाली तरी येतील."

आता रोज संध्याकाळी मी वर चढतो आणि आई होऊन ओरडतो. आबा अंगणात उभे राहून ऐकतात. आणि शेळ्या? अगदी वेळेवर घरी पोचतात, माझ्यापासून जीव वाचवत!