जुवांवची हाक

१९६१ च्या डिसेंबरात मी बेळगावच्या छावणीत लान्स नाईक होतो. घर देवबागला. आंबोलीचा घाट उतरला की आपलाच मुलूख, पण रजा बंद, पत्रं बंद, गेटबाहेर जायला बंदी.

लष्करी शहर बाहेरच्यांना नीटनेटकं दिसतं. तसं ते असतंही. रस्ते झाडलेले, झाडांच्या बुंध्यांना चुना. पण उठायचं, जेवायचं, निजायचं बिगुलावर, आणि क्वार्टरांतल्या बायकामुलांचंही तेच. ट्रक भरले जातायत हे बाजाराला आमच्याआधी कळलं होतं. गोव्यावर जायचं हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कोणी नाही.

शेजारी नाईक जुवांव राहायचा. मालवणचा ख्रिस्ती. त्याची बायको मारी गोव्याची. आई, माहेर सगळं हद्दीपलीकडे, तिथे अजून पोर्तुगीज. निघताना जुवांवने तिला 'एक्सरसाइज आहे' एवढंच सांगितलं. ती भाकऱ्या बांधत होती.

"तुमी खंय जातास ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "थंय माझी आवस आसा."

त्याने पट्टा आवळला आणि तो बाहेर पडला.

सावंतवाडीवरून पुढे जाऊन आम्ही उजाडताना हद्द ओलांडली. वाटेत एक पोलीस चौकी होती. आतून गोळीबार सुरू झाला. सुभेदारसाहेबांनी मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, लावायला सांगितला. आतले शिपाई बहुतेक गोव्याचेच असणार.

"साहेब, आधी मी बोलून बघतो," जुवांव म्हणाला.

साहेबांनी वायरलेसवर विचारलं. "वेट," एवढंच आलं. मग, "ओके. लवकर."

रायफल खाली ठेवून जुवांव चिऱ्यांच्या गडग्यावर, त्या बुटक्या कुंपणभिंतीवर, चढला आणि कोकणीत ओरडला, "भायर येयात रे! तुमकां कोणूय मारचो ना!"

गोळीबार थांबला. दार उघडलं. हात वर करून माणसं एकेक बाहेर आली. चौकीच्या मागच्या अंगाला एकजण होता, त्याच्यापर्यंत हाक पोचली नसावी. त्याने एकच गोळी झाडली. जुवांव गडग्यावरून खाली पडला तो उठलाच नाही. मॉर्टर डागावा लागला नाही.

परतलो तेव्हा गोवा मोकळं झालं म्हणून शहरात बँड वाजत होता. मारीला नियमाप्रमाणे क्वार्टर रिकामं करायचं होतं. तिला मालवणला पोचवायला मीच गेलो. मालवणच्या फाट्यावर, कसालला गाडी थांबली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"आता आवशीकडे जावची वाट उघडी झाली. पण माका खंयच जावचा नाय."

काही वर्षांनी मी पेन्शनवर देवबागला आलो. एका दुपारी एक अनोळखी माणूस आमच्या पलटणीचा माग काढत, विचारत विचारत घरी आला. त्या चौकीतून सर्वांत आधी बाहेर आलेला तो. पाणी प्यायला.

"ताचें नांव कितें आसलें?" त्या हाक मारणाऱ्याचं नाव त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने ते हळूच एकदा उच्चारलं, छातीवर क्रूस काढला आणि टोपी हातात धरून तो तसाच बसून राहिला.