हेल्मेटातलं बाळंतपण

डोंगरातल्या शाळेतून माझी बदली सपाटीवर झाली, तेव्हा गावाने मला निरोपाला एक कोंबडा आणि एक कोंबडी दिली.

सात वर्षं मी त्या शाळेत होते. शाल आणि नारळ मिळेल असं मनात धरून मी पिशवीही मोठी नेली होती. पण शाळा समितीचे म्हातारे अध्यक्ष आले ते दोन्ही पाखरं पायांना सुतळी बांधून, एका हातात उलटी धरून. पुष्पगुच्छ द्यावा तशी त्यांनी ती माझ्यासमोर केली.

"बाबा, आमच्या घरी कुणी खात नाही हो," मी म्हणाले. "सासूबाई तर गळ्यात माळ घालतात."

त्यांनी थोडा विचार केला. "नका खाऊ. असू द्या."

त्या गावात कोंबडी कुणालाही दिली जात नाही. दिली तर पाहुण्याला, व्याह्याला आणि देवाला. नको म्हटलं असतं तर सात वर्षं त्यांच्या हातात परत ठेवल्यासारखं झालं असतं. कुणीतरी बांबूचं एक डालगं आणून दिलं आणि मी एसटीत बसले.

कंडक्टरने डालग्याकडे बघून एवढंच सांगितलं, "बाई, मांडीवर धरा. सीटवर नको." पहिल्या वळणावर ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि कोंबड्याने बांग दिली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. चार वळणांनंतर ड्रायव्हरच्या लक्षात आलं, आणि मग तो वळण नसलं तरी हॉर्न द्यायला लागला. म्हसावद येईपर्यंत सगळी बस त्या दोघांचं बोलणं ऐकत होती. शहाद्याच्या स्टँडवर उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता परतीच्या फेरीला मला करमायचं नाही."

दार सासूबाईंनी उघडलं. मटण शिजलेल्या लग्नघरात पाणीसुद्धा न पिणारी ही बाई. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डालग्याकडे.

"हाई काय लई उनी तू?"

"गावाने दिलंय, आई."

"गावले दुसरं काही सापडनं नही?"

सासूबाई घरात शुद्ध अहिराणी बोलतात. रागावल्या की आणखी शुद्ध. त्या दिवशी फारच शुद्ध बोलल्या. शेवटी ठरलं, की रविवारी माझ्या नवऱ्याने दोघांना बाजारात नेऊन विकून टाकायचं.

रविवारी तो डालगं घेऊन गेला आणि तासाभरात डालगं घेऊन परत आला. अंगणातल्या बाजेवर बसला, पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "एका माणसाने तिला छातीपाशी दाबून पाहिलं."

"मग?"

"मग काय? मला नाही बघवलं. ती माझ्याकडे बघत होती."

हे बोलणं भिंतीपलीकडून शेजारच्या काकींनी ऐकलं. काकी जैन, मारवाडी. घराच्या पुढच्या भागात त्यांचं किराणा दुकान. त्या घरात मारवाडी बोलत, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी, मी शिक्षिका म्हणून, पुस्तकातलं मराठी. त्या भिंतीवरून डोकं काढून म्हणाल्या, "विकणे म्हणजे कापणेच आहे. पाप तुम्हा तिघांना लागेल. आणि आता मी ऐकले आहे, म्हणजे मलाही." त्यांनी लगेच दुकानातली झाडून काढलेली ज्वारी एका डब्यात भरून पाठवली. पापातला आपला वाटा त्यांनी असा तिथल्या तिथे मिटवला आणि पाखरं आमच्याकडे राहिली.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी ऑफिसला निघताना नवऱ्याने दाराबाहेरच्या ओट्यावरचं हेल्मेट उचललं. त्याच्या आत अंडं होतं.

आमच्या घरात अंडं येण्याची ही पहिलीच वेळ. तिघंही हेल्मेटाभोवती उभे राहिलो. त्याला हात कोणी लावायचा, इथपासून प्रश्न होता. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, मग ती सांडशी पुन्हा दुधाच्या पातेल्याला लावता येणार नाही हे लक्षात येऊन परत नेऊन ठेवली. फेकावं तर काकी भिंतीवरून म्हणाल्या, "त्यात जीव आहे." कुणाला द्यावं तर तो त्याचं ऑम्लेट करणार. शेवटी नवऱ्याने अंडं आहे तिथेच राहू दिलं आणि बस पकडून ऑफिसला गेला.

कोंबडीला ते पटलं. तिने तिथे रोज एक, मधे एखादा दिवस सोडून, अशी नऊ अंडी घातली. आणि मग ती त्यांच्यावर बसली ती उठेना.

मी शहाणपणा करून टोपलीत गवत घातलं आणि फडक्याने धरून अंडी टोपलीत हलवली. कोंबडीने टोपली पाहिली, अंडी पाहिली आणि जाऊन रिकाम्या हेल्मेटात बसली. अर्धा तास वाट पाहून मी अंडी पुन्हा हेल्मेटात ठेवली. तिने पोटाखाली घेताना माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात चुकीचं गणित मांडणाऱ्या पोरांकडे बघायचे तसंच.

पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात, असं मला डोंगरात राहून माहीत होतं. माझ्या नवऱ्याच्या सरकारी कचेरीत तेव्हाच फर्मान निघालं होतं, की हेल्मेट नसेल त्या कर्मचाऱ्याची मोटरसायकल फाटकातून आत सोडायची नाही. त्याला रोज बसने जाणं जमणारं नव्हतं. नवं हेल्मेट घ्यायला सासूबाईंचा विरोध होता. एकवीस दिवसांसाठी कुणी हेल्मेट घेतं का, असं त्यांचं म्हणणं. घरात दुसरं हेल्मेट होतं ते माझ्या स्कूटीचं, गुलाबी, कानाजवळ फुलपाखरू असलेलं.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने त्याला थांबवलं.

"साहेब, हे हेल्मेट?"

"बायकोचं आहे."

"तुमचं कुठंय?"

"त्यात कोंबडी बसलीय."

रखवालदार फाटक सोडून जवळ आला. मग त्याने हळूच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" नवऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. रखवालदाराने तो शिपायाला दाखवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोटो सगळ्या कचेरीत फिरला आणि संध्याकाळी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. नवरा घाबरत गेला. साहेबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "बसून किती दिवस झाले?" त्यानंतर रोज सकाळी साहेब त्याच्याकडे फायलींच्या आधी कोंबडीची चौकशी करत.

घरी मात्र वेगळंच घडत होतं. सासूबाई बदलत होत्या. आधी त्या ओट्याकडे पाठ करून बसायच्या. मग एकदा ऊन कोंबडीच्या अंगावर यायला लागलं तेव्हा त्यांनी, कुणी बघत नाही असं पाहून, आपलं जुनं लुगडं ओट्याच्या कठड्याला बांधलं. मग पाण्याची वाटी जवळ सरकवली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या ओट्यावर बसून बाजरी भिजवत होत्या. मी मोठ्याने चप्पल काढली तर ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू. अवघडेल शे ती."

टीव्हीवरची मालिका बारीक आवाजात लागू लागली. कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद होऊ लागला आणि आम्ही अर्धकच्ची डाळ खाऊ लागलो. एक दिवस मला डिंकाच्या लाडवांचा वास आला. मला वाटलं, माझ्यासाठी असतील, बदलीच्या दगदगीने मी वाळले होते. लाडू कोंबडीसाठी होता. तिने त्यातलं खोबरं वेचून खाल्लं आणि बाकीचा टाकला. तो मला मिळाला.

या सगळ्यात कोंबड्याला कोणी विचारेना. तो भिंत ओलांडून काकींच्या दुकानात जाऊन बसू लागला, ज्वारीच्या पोत्यावर, रुबाबात. गिऱ्हाईक विचारायचं, "कितीला?" काकी लाजेने अर्ध्या व्हायच्या. शेवटी त्यांनी पुठ्ठ्यावर 'हा विक्रीसाठी नाही' असं लिहून तो पुठ्ठा त्याच्या शेजारी पोत्याला टोचला. झालं असं, की गिऱ्हाइकांना वाटलं ज्वारी विक्रीसाठी नाही. दोन दिवस ज्वारी कोणी मागितलीच नाही. मग काकींनी पुठ्ठा काढला आणि कोंबड्याची ओळख 'पाहुणे' अशी करून द्यायला सुरुवात केली.

एकविसाव्या दिवशी दुपारी मी शाळेत होते. नवऱ्याचा फोन आला, त्याला सासूबाईंचा आला होता. नऊपैकी आठ पिल्लं निघाली होती. मी घरी पोचले तर ओट्यावर काकी, सासूबाई आणि गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या, आणि सासूबाई त्यांना एकेक पिल्लू कसं बाहेर आलं ते सांगत होत्या. पहिल्याला कसा उशीर झाला, तिसरं कसं उलटं होतं. माझ्या नवऱ्याच्या जन्माची गोष्टही त्यांनी मला इतकी रंगवून कधी सांगितली नव्हती. साहेबांनी कचेरीतून पेढे पाठवले.

हेल्मेट नवऱ्याने तीनदा साबणाने धुतलं, पण उन्हात तापलं की वास यायचा. तो गुलाबीच वापरत राहिला. लोकांना सवय झाली होती.

पिल्लं वाढली आणि खरी अडचण सुरू झाली. आठांतले पाच कोंबडे निघाले. थोरला धरून सहा. एकाने सुरुवात केली की सहाही जण एकमेकांची चूक काढल्यासारखे ओरडत. गल्लीतले लोक पेढे खाल्ल्याच्या भिडेने काही दिवस गप्प बसले, मग बोलू लागले. पिल्लांना चांगलं घर बघावं, असं ठरलं. पण घर असं हवं होतं, की जिथे त्यांना कोणी खाणार नाही.

सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतलं. कुणी मागायला आलं की त्याला बाजेवर बसवून चहा द्यायच्या आणि विचारायच्या, "घरमा कोण कोण शे? काय काय खातस?" लेकीची स्थळं पाहताना विचारतात तसंच, फक्त दुसऱ्या प्रश्नावर जास्त जोर. एक गृहस्थ म्हणाले, आमच्या मुलांना पाखरांचा फार लळा. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला आणि त्यातून सगळ्यांना ऐकू गेलं, "किती किलोची आहेत?" त्यांचा चहा अर्धाच राहिला.

दुसरे प्रकाशा गावचे, लांबच्या नात्यातले. तापीकाठी मोकळं अंगण आहे, पाळायलाच नेतो म्हणाले. सासूबाईंना माणूस आवडला, पण त्यांनी हो म्हटलं नाही. चार दिवसांनी प्रकाशाला देवदर्शन करून येऊ म्हणून मला घेऊन गेल्या आणि दर्शन झाल्यावर न कळवता थेट त्यांच्या दारात. अंगण मोकळं होतं, खरंच. न्हाणीमागे कोंबडीची पिसं पडली होती, बरीच.

ते गृहस्थ म्हणाले, "वाऱ्याने आली असतील."

सासूबाईंनी नदीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, पान हलत नव्हतं. म्हणाल्या, "तुम्हना गावना वारा बराच भुक्या दिसस."

शेवटी स्थळ घरातलंच निघालं. सासूबाईंची मावसबहीण म्हसावदला राहते. तिच्याकडे पाच म्हशी, घर आमच्यासारखंच माळकरी. म्हशींना गोचिडांचा फार त्रास होता आणि कोंबड्या गोचीड वेचतात हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. तिने फोन केला तर सासूबाईंनी बहिणीलाही सगळे प्रश्न विचारले. सोबत वाढलेली बहीण, पन्नास वर्षांची ओळख, तरी विचारलं. मग होकार दिला आणि म्हणाल्या, देईन तर सगळी. आईबापापासून लेकरं तोडायची नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी कोंबडीला हळदकुंकू लावलं. कुंकू तिच्या तुऱ्यावर दिसेना, म्हणून हळद जास्त लावली. काकींनी ज्वारीचं छोटं पोतं दिलं आणि कोंबड्याला आपल्या हाताने शेवटचे दाणे घातले. तो टेम्पो रिक्षात बसेपर्यंत त्या बाहेर थांबल्या नाहीत, आत निघून गेल्या. नवरा टेम्पो रिक्षाच्या मागे मोटरसायकलवर निघाला. रस्त्यात डालगी उघडली तर कोणी हवं म्हणून. डोक्यावर गुलाबी हेल्मेट होतं.

त्या रात्री कुकरची शिट्टी पूर्ण होऊ दिली गेली. डाळ छान शिजली होती. सासूबाई दोन घास खाऊन उठल्या. म्हणाल्या, मीठ कमी पडलंय. मीठ बरोबर होतं.

मागच्या महिन्यात म्हसावदच्या मावशी आमच्याकडे आल्या. गोचीड गेले म्हणाल्या, पण दुसरीच पंचाईत झाली होती. पिल्लांतली एक तलंग, म्हणजे वयात आलेली कोंबडी, रोज सकाळी थोरल्या म्हशीच्या पाठीवर जाऊन बसते. आता ती बसल्याशिवाय म्हैस पान्हाच सोडत नाही. घरी चहाला पाहुणे आले आणि तलंग कुठे उंडारायला गेली असली, तर सगळं घर बादली घेऊन तिला शोधत फिरतं. सापडली की तिला उचलून म्हशीवर ठेवायचं, मग दूध.

"मी आते काय करू?" मावशींनी विचारलं.

सासूबाईंनी खूप वेळ विचार केला. मग गंभीरपणे म्हणाल्या, "तिले डिंकाना लाडू दे. खोबरं जरा जास्त टाक."