नशीबरावांचा हात

उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्या त्या टोळीत नशीबरावांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं त्यांनाही ते फारसं लागत नसे. एकदा दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंनी ते नाव पुकारलं, तर हे मान वळवून कोण उठतंय ते बघत बसले. शेवटी बायकोने कोपर मारलं. "अहो, तुम्हीच."

नशीबराव हे नाव त्यांना मिळालं तरुणपणी. चौथ्या मजल्यावर, दोराला टांगलेल्या फळीवर बसून ते खिडकीची चौकट रंगवत होते. वर गच्चीच्या कठड्यावर दोर घासत होता, घासता घासता तुटला. नशीबराव खाली आले ते आधी एका दुकानावर ताणलेल्या कापडी छतावर, आणि ते फाडून वाळूच्या ढिगात. गळ्याजवळचं एक हाड मोडलं, तोंडात वाळू गेली. उठून बसल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती ब्रशची. ही ब्रशची गोष्ट लोक अजून रंगवून सांगतात. ती वाळू आदल्याच दिवशी उचलायची होती, पण गाडी बिघडली म्हणून तिथेच राहिली, हे मात्र कुणी सांगत नाही.

हाड जुळलं आणि ते परत कामावर आले, तेव्हा भीती मनात घर करून बसली होती. कुणीही खाली उतरण्याआधी ते सगळाच्या सगळा दोर मुठीतून ओढून घेत. डोळे मिटून, वीत वीत चाचपत. कुठे धागा सुटलाय, कुठे दोर मऊ पडलाय, हे त्यांच्या तळव्याला आधी कळायचं. बघणाऱ्यांना मात्र वाटलं, हा माणूस दोराला आपलं नशीब लावतोय. मग "नशीबरावांनी हात लावला का?" असं विचारल्याशिवाय कुणी कठडा ओलांडेना.

वर्षं गेली. भीती निवली, कामं वाढली, नशीबरावांचं पोट थोडं पुढे आलं. सबंध दोराचा अर्धा दोर झाला, अर्ध्याचा हातभर झाला, आणि शेवटी उरली नुसती एक थाप, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. थाप पडली की माणूस खाली. या सगळ्या काळात कुणी पडलं नाही, त्यामुळे थापेचं वजन वाढतच गेलं. नशीबराव कामावर परतले तेव्हापासून प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला एक दुसरा दोर असायचा. तो वेगळ्या खांबाला बांधलेला असे, म्हणजे फळीचा दोर तुटला तरी माणूस लटकून राहावा. तो बांधायला वेळ लागतो. आधी तो फक्त उंच इमारतींना बांधला जाऊ लागला, मग फक्त वारा असला तर, आणि मग मुकादम म्हणू लागला, "कशाला? नशीबराव आहेत ना."

नशीबरावांना हे आवडत नव्हतं असं काही म्हणता येणार नाही. घरी भाजी आणायचं कामसुद्धा बायको त्यांच्यावर सोपवत नसे. वांगी निवडता येत नाहीत म्हणे. आणि इथे धिप्पाड माणसं त्यांच्या एका थापेसाठी खोळंबून राहायची. कुणाला आवडणार नाही?

एका संध्याकाळी लेक आणि जावई घरी आले. जावई लाकडी सामानाच्या कारखान्यात कामाला होता. तो कारखाना बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि जावई घरातली सगळी दारं, खिडक्या, पाट दुरुस्त करून रिकामा झाला होता.

"बाबा, यांना तुमच्या टोळीत घ्या," लेक म्हणाली.

"तूच म्हणत होतीस ना, काही झालं तरी दोरावर नको?"

"म्हणत होते. पण मुकादमकाका बाजारात भेटले. ते म्हणाले, बाबांनी हात लावलेल्या दोरावरून आजवर कुणी पडलेलं नाही."

नशीबरावांनी जावयाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं, जावईबापू? उंचावर चक्कर येते का?"

"स्टुलावर तरी येत नाही," जावई म्हणाला. "त्याच्या वर कधी गेलो नाही."

"तुम्ही रोज यांच्या दोराला हात लावाल ना, बाबा? तेवढं सांगा. मग मला घोर नाही." लेक असं बोलली आणि निश्चिंत मनाने आईला भाकऱ्या थापायला मदत करायला आत गेली.

जेवताना नशीबरावांचा घास हातातच राहिला. ते आपल्या तळव्याकडे बघत होते. इतकी वर्षं माणसं या हाताच्या भरवशावर खाली उतरली, ते त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. आता त्याच भरवशावर लेक आपला संसार टांगायला निघाली होती.

"हाताला काय लागलंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग जेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जावयासाठी कमरेचा पट्टा शिवून घ्यायला ताडपत्रीवाल्या वहिनींकडे गेले. रस्त्याला लागून एक अरुंद खोली, अर्धी खोली ताडपत्रीच्या गुंडाळ्यांनी भरलेली, आणि दारात उजेडाला शिलाई मशीन. वहिनींचा नवरा याच टोळीतला, नशीबरावांच्या बरोबरीचा. नशीबराव हाड जुळायची वाट बघत घरी होते तेव्हाच तोही एका इमारतीवरून पडला होता, पण उठला नाही. तेव्हापासून वहिनी गाड्यांची छतं, पिशव्या आणि रंगाऱ्यांचे पट्टे शिवत आल्या होत्या.

"जावयाला घेताय म्हणे, भाऊजी."

"हो. जरा दणकट शिवा."

"दणकटच शिवते मी. पण तो अडकवणार कशाला, ते सांगा. दुसरा दोर असतो कुठे तुमच्याकडे हल्ली? मागे तुमचा एक गडी पट्टा घेऊन गेला, तो आता त्यात चावी आणि तंबाखूची पुडी अडकवतो."

नशीबराव ओशाळून हसले. "आजवर कुणाला काही झालं नाही, वहिनी."

"यांनाही काही झालं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "होईपर्यंत."

मशीनवरचा त्यांचा पाय थांबला. त्यांच्या आवाजात चीड नव्हती. कापडाचा दोष दाखवावा तशा त्या सांगत होत्या. "तुमच्यापेक्षा हे कमी उंचीवरून पडले. दोरही त्याच दुकानातला. तुमच्या खाली वाळू होती, यांच्या खाली दगडी पायऱ्या. फरक तेवढाच. पण लोक यांना म्हणाले, वेळ भरली होती. तुम्हाला म्हणाले, नशीब बघा कसलं आहे. तुम्ही चहाला येऊन बसता, म्हणून तुमची गोष्ट चालते. यांची कोण सांगणार? हे तर चहाला येत नाहीत."

नशीबराव ताडपत्रीच्या एका गुंडाळीवर टेकले. म्हणाले, "ती वाळूची गाडी बिघडली नसती, तर माझी बायकोही इथे तुमच्या शेजारी शिवत बसली असती."

"तिला सुईत दोरा ओवता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तिला मी ठेवलं नसतं." मग दोघंही हसले, आणि वहिनींनी पट्ट्यावर शिलाईची आणखी एक ओळ मारली.

तिथून ते तडक मुकादमाकडे गेले.

"उद्यापासून दुसरा दोर बांधू या."

"का? काही झालं का?"

"काही झालं नाही."

"मग?"

"अजून झालं नाही, म्हणूनच म्हणतोय."

मुकादमाने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू मिठाईवाल्यानेच मिठाई खाऊ नका म्हणावं. "नशीबराव, तुम्हीच असं बोलायला लागलात तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? बरं, बघू."

मुकादमाचा 'बघू' नशीबरावांच्या चांगल्या ओळखीचा होता. कठड्यावर गोणपाट टाकायचं, नवे दोर आणायचे, हे सगळं त्या 'बघू'मध्ये जाऊन बसलेलं होतं.

सकाळी सगळे एका उंच इमारतीच्या गच्चीवर जमले. वारा बेताचा होता. रंगाचे डबे उघडून झाले, फळी खाली सोडून झाली. जावई नवा पट्टा बांधून, खाली न बघता, समोरच्या आकाशाकडे फार लक्षपूर्वक बघत उभा होता. सगळ्यांत आधी उतरणार होता बडबड्या. कामाला पक्का, पण तोंडाला झाकण नाही.

"चला नशीबराव, हात लावा. ऊन चढतंय."

नशीबरावांनी दोन्ही हात विजारीच्या खिशात घातले. "मी हात लावणार नाही."

बडबड्याने हातातला ब्रश परत डब्यावर ठेवला. मुकादम पुढे आला. "तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत आहे."

"मग कालचं बोलणं मनाला लावून घेतलंत?"

"नाही हो. माझ्या हातात काही नाही, एवढंच. कधीच नव्हतं. मी पडलो तेव्हा खाली वाळू होती, म्हणून वाचलो. या इमारतीखाली काय आहे ते बघा."

"अहो, पण एक थाप मारायला तुमचं काय जातंय?" बडबड्या कळवळून म्हणाला.

"माझं काहीच जात नाही. म्हणून तर इतकी वर्षं मारत आलो."

रात्रभर त्यांनी मनाशी एक मोठं भाषण जुळवलं होतं. वहिनींचं बोलणं, वाळूच्या गाडीचं, सगळं. त्यातलं पुढचं काही बोलायची वेळच आली नाही. बडबड्या कठड्यापाशी गेला आणि त्याने खाली पाहिलं. रोज तिथेच लोंबकळणाऱ्या त्या माणसाने खाली असं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो परत आला आणि म्हणाला, "मुकादम, आधी तुम्ही उतरा."

"मी? मी मुकादम आहे."

"म्हणूनच. मान तुमचा."

कुणीच उतरेना. उभ्या उभ्या करायचं काय, म्हणून एकाने दोर हातात घेऊन पाहिला. दुसरा खांबापाशी जाऊन वाकला. "ही गाठ कुणी मारली?"

"मीच," बडबड्या म्हणाला.

"ही गाठ आहे? बुटाची नाडी तरी याहून बरी बांधतात."

बडबड्याने वाकून आपलीच गाठ पाहिली, चेहरा पाडला आणि सोडून नव्याने बांधली. मग दोघांनी ती ओढली. मग तिसऱ्याच्या लक्षात आलं की कठड्याच्या ज्या धारेवरून दोर जातोय, तिथलं सिमेंट उडून खडी वर आलीय, अगदी करवतीसारखी. तिथे घालायला गोणपाट शोधायला गेले, तर ते मुकादमाच्या बसायच्या डब्यावर घडी करून ठेवलेलं. मुकादम मुकाट्याने बाजूला झाला. आणि दुसरे दोर? ते खाली टेम्पोत रंगाची पिंपं बांधायला वापरलेले निघाले. आणायला जावई जिना उतरला. पायाखाली पायऱ्या आल्यावर त्याच्या चालीत एकदम ऐट आली.

"सगळी सकाळ गेली," मुकादम कुरकुरला. थोड्या वेळाने तोही पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाया हलवून बघत होता, दोर बांधायला तो पुरेसा भक्कम आहे का म्हणून.

नशीबराव खिशात हात घालून हे सगळं पाहत होते. त्यांना मोठी गंमत वाटत होती. जोवर त्यांच्या हातात सगळ्यांचं नशीब होतं, तोवर कुणी दोराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि आता प्रत्येक जण आपापला दोर असा निरखत होता की जणू स्थळ बघायला आलाय.

त्या दिवशी काहीच घडलं नाही. फळ्या खाली गेल्या, वर आल्या. एक बाजू रंगवून झाली. एवढ्याशा गोष्टीची गोष्ट होत नाही, आणि चहाला बसून कुणी ती सांगतही नाही.

पण नशीबरावांचं एक काम राहिलं होतं. संध्याकाळी जावयाबरोबर ते लेकीच्या घरी गेले. तिने दारातच विचारलं, "लावला ना हात?"

"नाही लावला."

तिचा चेहरा उतरला. "बाबा, मी तुमच्या भरवशावर पाठवलं होतं यांना."

"माहीत आहे. म्हणूनच सांगायला आलो. हो म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण ते खोटं असतं. माझ्या हाताने दोर तुटायचा थांबत नाही, बाळ."

"अगं, दोन दोर बांधले मला," जावई मध्ये पडला. "तीन माणसांनी ओढून बघितले. मग गच्चीवरच टाकीला टांगून ठेवलं, बादलीसारखं. पट्टा कमरेला इथे काचलाय बघ."

"म्हणजे आता काही होणार नाही ना?"

नशीबरावांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ही मुलगी असंच तोंडाकडे बघत उभी राहायची, औषध कडू आहे का म्हणून. तेव्हाही ते खोटं बोलत नसत.

"असं मी सांगू शकत नाही. होऊ शकतं. पण पूर्वीपेक्षा खूप कमी. एक दोर तुटायला एक चूक पुरते. दोन्ही एकदम तुटायला बरंच काही एकाच वेळी चुकावं लागतं. आणि ते चुकू नये म्हणून आता सगळे बघतात. आधी सगळे माझ्याकडे बघायचे."

ती आत गेली, कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आली आणि नवऱ्यापुढे टाकली.

"ती गाठ दाखवा मला. कशी मारतात?"

जावयाने पलंगाच्या पायाला दोरी बांधली. सकाळी शिकलेली गाठ त्याला दुसऱ्या खेपेला जमली. लेकीने दोरीचं टोक हाताला गुंडाळलं, पाय भिंतीला टेकवला आणि सगळा जोर लावून ओढलं. पलंग करकरत वीतभर पुढे आला. गाठ होती तिथेच होती. तिने परत ओढलं. मग वाकून ती सोडली, आणि या वेळी स्वतः बांधायला बसली.

"बाबा, हे टोक वरून घ्यायचं की खालून?"

"खालून," नशीबराव म्हणाले, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.