वाट पाहणारं माणूस

सॉल्ट केबिन रस्ता डांबरी सडकेपासून जिथे फुटतो, त्या तिठ्यावर आर्डिथ राउंडीचं दुकान आहे. पूर्वी तिथे पेट्रोल मिळायचं. आता बर्फ, डब्यातले राजमे, टायरला लावायचे पॅच आणि आर्डिथची बोलणी, एवढंच मिळतं. दुकानामागे तिच्या दोन खोल्या. गाव अडतीस मैलांवर. सगळ्यात जवळचा शेजारी ऑर्विन हॅच, तो सहा मैलांवर. घळींच्या मुलखात ज्यांना शिरायचं असतं त्यांना या दुकानावरून जावंच लागतं.

दुकानात शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीवर एक फळी आहे आणि फळीला बारा खिळे. आत जाणाऱ्याने चिठ्ठी भरायची आणि खिळ्याला अडकवायची. नाव, गाडीचा रंग, कोणता रस्ता, माणसं किती, परतीचा दिवस आणि वेळ, आणि सगळ्यात खाली एक ओळ: वाट पाहणारं माणूस. परत आलं की आपली चिठ्ठी आपण काढायची. वेळ उलटून गेली आणि चिठ्ठी तशीच राहिली, की आर्डिथ शेरीफला फोन करते. ही पद्धत तिने एकतीस वर्षं चालवली, आणि कोणी नेमलं नव्हतं तिला. शेवटच्या ओळीशी लोक अडखळत. कोणाचं नाव लिहू, असं विचारत. मग आर्डिथ त्यांच्या हातातून पेन घेऊन स्वतःच लिहून टाकायची: आर्डिथ, तिठ्यावरचं दुकान.

चिठ्ठी काढायला विसरणाऱ्यांवर तिचा भारी राग. एकदा एक जोडपं मधल्या फाट्याने पलीकडच्या हायवेला निघून गेलं आणि हॉटेलात जेवत बसलं. इकडे नऊ माणसं त्यांना ओढ्याओढ्यातून हुडकत होती. आर्डिथने त्यांचा घरचा नंबर मिळवला आणि असं झापलं की त्या बाईने पुढची तीन वर्षं नाताळला माफीची कार्डं पाठवली.

अलीकडे चिठ्ठ्या कमी झाल्या होत्या. लोकांच्या खिशात आता उपग्रहाशी बोलणारी यंत्रं असतात. बटण दाबलं की घरी निरोप जातो. या वर्षी अख्ख्या हंगामात चार चिठ्ठ्या लागल्या. आणि नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला आर्डिथचा मुलगा ट्रेंट येऊन तिला फिनिक्सला घेऊन जाणार होता, कायमची. दुकान बंद.

म्हणून ऑक्टोबरात तिने ठरवलं, सॉल्ट केबिन रस्त्याच्या टोकाला जाऊन यायचं.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण एकतीस वर्षांत ती त्या रस्त्याने बावीस मैलांपुढे गेलेली नव्हती. तिचा नवरा गार्थ सरकारी ग्रेडर चालवायचा. वर्षातून दोनदा तो रस्ता सपाट करत एकसष्टाव्या मैलापर्यंत जायचा आणि आठवड्याने धुळीने माखून परत यायचा. आला की सांगायचा, टोकाला कातळाची भिंत आहे, भिंतीखाली एक जुनं कॉटनवुडचं झाड आहे, मी ग्रेडर तिथे वळवतो आणि तिथेच जेवतो. तुला नेतो पुढच्या खेपेला. पुढची खेप आली की खिळ्यावर कोणाची ना कोणाची चिठ्ठी असायचीच. आर्डिथ म्हणायची, ही माणसं बाहेर आली की जाऊ. गार्थला जाऊन सहा वर्षं झाली.

तयारी मात्र तिने अशी केली की एखाद्या पलटणीला पुरली असती. गार्थचा हाती काढलेला नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर राजम्याचे चार डबे ठेवले. कुठे ओढा आडवा येतो, कुठे वाळू, कुठे निळ्या मातीची चढण, सगळं त्याने पेन्सिलीने टिपून ठेवलेलं. ती निळी माती कोरडी असली तर सिमेंटसारखी. वर पाऊस शिंपडला की चाकांना अशी चिकटते की चाक चाकाच्या जागी राहत नाही. अशा वेळी पुढे जायचं नाही, मागे यायचं नाही, वाळेपर्यंत बसून राहायचं. म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाला तिने चार दिवसांचं खाणं घेतलं. दहा गॅलन पाणी. दोन जादा टायर. फावडं. जॅक वाळूत रुतू नये म्हणून खाली घालायला फळी. हवा भरायचा पंप. उन्हाळ्यात स्वतः बरण्यांत भरलेल्या पीचच्या फोडी. शुक्रवारी सकाळी निघायचं, टोकाला मुक्काम, शनिवारी संध्याकाळी परत.

बुधवारी दुपारी ती चिठ्ठी भरायला बसली. नाव, आर्डिथ राउंडी. गाडी, पांढरी पिकअप. रस्ता, सॉल्ट केबिन, टोकापर्यंत. माणसं, एक. परत, शनिवार, संध्याकाळी पाच. हात सवयीने चालला होता, तो शेवटच्या ओळीवरही थांबला नाही. लिहून झाल्यावर तिने वाचलं: वाट पाहणारं माणूस, आर्डिथ, तिठ्यावरचं दुकान.

तिला आधी हसू आलं. मग तिने ते नाव खोडलं. तिने शेकडो माणसांची वाट पाहिली होती. काहींचे चेहरेही तिला आठवत नव्हते. आणि आपली वाट पाहील असं एक नाव त्या ओळीत लिहायला तिला सुचत नव्हतं. हे तिला फार लागलं.

तिने ट्रेंटला फोन लावला.

"आई, एकटी जाणार? तू बहात्तर वर्षांची आहेस."

"ठाऊक आहे. माझ्या जन्माच्या वेळी मी तिथेच होते."

"तसं नाही गं. ते यंत्र घे ना एक. मी मागवून देतो. बटण दाबलं की मला मेसेज येतो, आई ठीक आहे म्हणून."

"आणि तू तो बघतोस?"

"बघतो म्हणजे काय, बघतोच. या शनिवारी जरा पोरींच्या मॅचेस आहेत, फोन सायलेंटवर असेल. पण रात्री नक्की बघेन."

"राहू दे," आर्डिथ म्हणाली. "पोरींना सांग, चांगलं खेळा."

त्याच्यावर तिचा राग नव्हता. पोरगा गुणी आहे, दर रविवारी फोन करतो. फक्त संध्याकाळी पाच वाजता घड्याळाकडे बघून दाराशी जाऊन उभं राहावं, असं त्याला आईबद्दल कधी झालं नव्हतं. व्हावं तरी कशाला? आई कायम दुकानातच असायची.

गुरुवारी सकाळी सातला ऑर्विन हॅच आला. तो रोज सातला येतो. एकोणऐंशी वर्षांचा, गुरं राखून राखून गुरांइतकाच कमी बोलणारा. इथल्या लोकांच्या चर्चमध्ये कॉफी पिणं वर्ज्य. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळायची माझी छाती होत नाही, असं तो सांगतो. म्हणून सहा मैल गाडी हाकून आर्डिथकडे पितो. आर्डिथ चर्चला जाणं कधीच सोडून बसली आहे, तिला कसली भीती.

ऑर्विनने आयुष्यात एकदाही चिठ्ठी लिहिली नव्हती. मला खिळ्याला टांगायला मी काय टोपी आहे का, असं तो म्हणायचा. त्यामुळे त्याला विचारायचं आर्डिथच्या जिवावर आलं होतं. तिने दोनदा काउंटर पुसला, मग चिठ्ठी त्याच्या कपाशेजारी ठेवली. शेवटची ओळ तिने खोडली होती.

ऑर्विनने चष्मा चढवला. "ही कोण एवढी शहाणी बाई?"

"वाच की."

"वाचलं. तिसऱ्या ओढ्यात डावीकडून उतरणार का?"

"गार्थच्या नकाशात डावीकडूनच आहे."

"गार्थला जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या लोंढ्याने डावी बाजू खाल्ली. उजवीकडून जा. आणि वाळू लागायच्या आधी टायरची हवा कमी कर, रुतल्यावर नाही."

"हे मी लोकांना तीस वर्षं सांगतेय, ऑर्विन."

"लोकांना सांगणं वेगळं. तू कुठे गेलीस कधी?" त्याने कॉफीचा घोट घेतला. "आभाळ पश्चिमेकडून भरलं तर निळ्या चढणीच्या अलीकडेच थांब. हट्ट नको."

"नाही करणार."

"तू? हट्ट नाही करणार?"

आर्डिथने गार्थचा नकाशा आणून काउंटरवर पसरला. ऑर्विनने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, नकाशावरची डावी बाजू खोडून उजवीकडे रेघ ओढली. मग चिठ्ठीच्या खोडलेल्या ओळीवर त्याची पेन्सिल जरा वेळ थांबली.

"हे काय खोडलंयस?"

"माझंच नाव लिहिलं होतं," आर्डिथ म्हणाली. "सवयीने."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "पाच म्हणजे पाच," म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेला. त्या ओळीत त्याने काही लिहिलं की नाही, हे तिला दिसलं नाही. दिवसभर तिला एकच घोर, हा माणूस शर्ट धुवायला टाकताना खिसे बघतो की नाही.

शुक्रवारी ती गेली. तिसऱ्या ओढ्यात उजवीकडून उतरली, वाळूत एकदाही रुतली नाही, निळी चढण हाडासारखी कोरडी होती. एकसष्टाव्या मैलाला कातळाची भिंत होती, आणि झाड होतं. झाडाखाली जमिनीवर मोठं गोल आळं पडलेलं, ग्रेडर वर्षानुवर्षं वळवल्याचं. त्यात आता गवत उगवलं होतं. बुंध्याच्या फटीत खोचलेला एक चमचा तिला सापडला, घरच्याच संचातला. तो हरवला म्हणून तिने एके काळी गार्थशी दोन दिवस अबोला धरला होता. आर्डिथने त्याच चमच्याने पीच खाल्ले. सांगायला शेजारी कोणी नव्हतं. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं, ती बघत बसली, आणि इतकी वर्षं मी कोणाकोणासाठी थांबले, असं मोठ्याने म्हणाली. तिथे मोठ्याने बोललं तरी चालतं.

शनिवारी ती लवकर निघाली. साडेतीनलाच ती दुकानापासून तीन मैलांवरच्या लोखंडी गजांपाशी पोचली. गुरं ओलांडून जाऊ नयेत म्हणून तिथे रस्त्यातच गज टाकलेले आहेत, आणि दुकानाच्या बाजूला टेकडी आहे, त्यामुळे दुकानातून इथलं काही दिसत नाही. तिथे तिने गाडी थांबवली. बंद केली. आणि बसून राहिली.

हे आपण काय करतोय, ते तिला पुरतं कळत होतं. याच गोष्टीपायी तिने परक्या माणसांच्या घरी फोन करून त्यांची खरडपट्टी काढली होती. तरी ती हलली नाही. चार वाजले. साडेचार. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि जायचंही नव्हतं. पाच वाजले तेव्हा रस्त्यावर काही नव्हतं. पाच वाजून पाच मिनिटांनीही काही नव्हतं. तिने किल्लीला हात लावला. एवढंच ना, म्हणाली, आता कळलं.

पाच वाजून नऊ मिनिटांनी टेकडीपलीकडे धूळ उठली.

तीन मैल कच्चा रस्ता, नऊ मिनिटं. तिला या रस्त्याचं गणित पाठ होतं. म्हणजे पाचच्या ठोक्याला तो दुकानापाशी उभा होता आणि एक मिनिटही थांबला नव्हता.

ऑर्विनची गाडी गजांवरून खडखडत आली आणि तिच्या शेजारी थांबली. मागे साखळी होती, पाण्याचे कॅन होते, दोन घोंगड्या, कंदील आणि एक मोठं फावडं. हे सगळं नऊ मिनिटांत भरलेलं नव्हतं. तो खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं? लागलंय का कुठे?"

"नाही. गाडी तापली होती," आर्डिथ म्हणाली.

ऑर्विनने बॉनेटवर हात ठेवला. ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

"गार आहे," तो म्हणाला.

"हो."

आर्डिथला वाटलं, आता हा आपल्याला झापेल, आणि झापावंच. तिने मान खाली घातली.

"बघायचं होतं," ती म्हणाली. "कोणी येतं का ते."

ऑर्विन तिच्या गाडीला टेकून उभा राहिला. श्वास खाली बसायला त्याला थोडा वेळ लागला.

"मी नऊ वर्षं रोज सातला तुझ्याकडे का येतो, तुला काय वाटलं?"

"कॉफी प्यायला."

"कॉफी मला घरी करता येत नाही? पातेलं आहे, पाणी आहे. बायको वरून बघून ओरडणार आहे थोडीच." त्याने टोपी काढून परत घातली. "एखाद्या सकाळी मी आलो नाही, तर तू साडेसातला गाडी काढशील. म्हणून येतो. नाहीतर मी गोठ्यात पडलो तर गुरांशिवाय कोणाला कळणार?"

आर्डिथला आठवलं, दोन वर्षांमागे थंडीत तो एकदा आला नव्हता, आणि तिने खरंच सात पंचविसाला गाडी काढली होती. त्याच्या गाडीची बॅटरी उतरली होती. त्या दिवशी त्याने तिला उगाच वैताग दाखवला होता.

"तू चिठ्ठी लिहीत नाहीस म्हणून मी तुला किती बोलले," ती म्हणाली.

"बोललीस खरी." त्याने खिशातून तिची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. "ही घे. आपली आपण काढायची असते."

शेवटच्या ओळीवर, खोडलेल्या नावाच्या खाली, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ऑ. हॅच.

तो गाडीत बसला. इंजिन चालू करून थांबला.

"पंधरा तारखेला जाणार ना तू?"

"ट्रेंट येतोय."

"हं," ऑर्विन म्हणाला. "चांगलं आहे. फिनिक्सला थंडी नसते." मग गाडी वळवून तो पुढे झाला, आणि आर्डिथ त्याच्या धुळीतून मागे मागे दुकानापर्यंत गेली.

सामान उतरवायच्या आधी तिने एक नवीन चिठ्ठी घेतली आणि दिवा न लावता काउंटरवर उभ्यानेच भरली. नाव, ऑर्विन हॅच. गाडी, हिरवी. रस्ता, घर ते दुकान. माणसं, एक. परत, रोज सकाळी सात. मग ती शेवटच्या ओळीवर आली. पेन तिच्या हातातच होतं, आणि पंधरा तारखेपर्यंत कोणाचं नाव लिहायचं ते तिला ठाऊक होतं, त्यापुढे कोणाचं ते नव्हतं. ती ओळ तशीच कोरी ठेवून तिने चिठ्ठी पहिल्या खिळ्याला लावली.