सुई न लागलेलं कापड

इस्माईलच्या अंगाला घाम येईना, तेव्हा मला कळलं की हे साधं ऊन लागणं नाही.

अराफातच्या मैदानावर दुपारची नमाज होऊन बराच वेळ झाला होता. तंबूपासून चार हातांवर माझा धाकटा भाऊ वाळूत आडवा पडला होता. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि कोरडं. डोळे उघडे होते, पण मी त्याला दिसत नव्हते.

"बाही दोन बोटं वाढवा," तो म्हणाला. "पाटलांचा हात लांब हाय."

चाकणच्या पेठेत आपल्या दुकानात बसून तो कुणाच्या तरी सदऱ्याचं माप घेत होता.

आमच्या तंबूतल्या बायका रडायला लागल्या. एकीनं त्याच्या कानाशी कलमा पढायला घेतला. मी म्हणाले, "अजून मेला नाही. रडायचंच असेल तर पाणी आणता आणता रडा."

त्याला ओढून सावलीत घेतलं. त्याच्या अंगावरची चादर खाली दबून वाळूनं भरली होती आणि वाळूइतकीच तापली होती. मला मोठं, स्वच्छ, पाणी धरून ठेवणारं कापड हवं होतं. असं कापड माझ्या गाठोड्यात एकच होतं. मी गाठोडं सोडलं आणि माझं कफन बाहेर काढलं.

"अवो बाय, काय करताव ह्ये?" शेजारचे काका ओरडले. "जित्या माणसाला कफन?"

त्यांना उत्तर द्यायला मला वेळ नव्हता.

इथपर्यंत आम्ही कसे पोचलो ते आता सांगते.

मी बांगड्या भरणारी. चाकणच्या बाजारात शनिवारी बसायचं आणि बाकीचे दिवस टोपली घेऊन दिघी, चिखली, भोसरी, आळंदी पायाखाली घालायची. या पट्ट्यातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची मनगटं मला पाठ आहेत. नवरा लवकर गेला. मूल नाही. हजला जायचं ते स्वतःच्या कमाईनं, हे मी ठरवलं होतं आणि तसंच केलं. आमच्या आळीतून हजला गेलेली मी पहिली बाई. हे मी कुणाला ऐकवायला सांगत नाही, पण लपवतही नाही.

बाईला एकटीनं जाता येत नाही. नवरा, मुलगा नाही तर भाऊ बरोबर लागतो. म्हणून इस्माईल. तो शिंपी. चाकणला त्याचं मशीन आहे आणि त्याच्यासारखी कॉलर आसपासच्या गावांत कुणाला जमत नाही. तो आला तो नुसता माझ्या सोबतीला नव्हे, त्यालाही जायचंच होतं. त्याची बायको कुलसुम गुडघ्यांनी अधू, ती घरी राहिली.

दोन महिने आम्ही सामान बांधत होतो. मी जन्मभर लुगडं नेसले. चिखलातून चालायचं तर ते वर खोचायचं, हीच सवय. तिकडे पोटरी दिसून चालत नाही, केस दिसून चालत नाही. इस्माईलनं काळ्या कापडाचा बुरखा शिवायला काढला. मी म्हणाले, "काळं कापड उन्हात किती तापतं ते तुला सांगायला पायजे का? पांढरं शिव." मग त्यानं मांजरपाटाचे तीन झगे शिवले. पायघोळ, मनगटापर्यंत बाह्या, आतून एक खोल खिसा. खाली घोट्यापर्यंत पायजमे. डोक्याला बांधायचे चार मोठे रुमाल. पहिला झगा घालून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तर कुलसुम हसून लोळायची बाकी.

"आपा, कंदिलाला गिलाफ घातल्यावानी दिसतीस."

"दिसू दे. कंदील चालतोय ना?"

उपयोगाच्या वस्तू मी गोळा केल्या त्या अशा. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्या डझनभर पिना. फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. दोन सेलची बॅटरी. गजराचं घड्याळ. दोन छत्र्या. ताडाचे पंखे. सुईदोरा, कात्री, सुतळी. चाकणचे कांदे, पाच शेर. आणि छागल (कॅनव्हासची पाण्याची पिशवी, बैलगाडीला लटकवतात ती, बाहेरून पाझरते म्हणून आतलं पाणी गार राहतं).

छागल पाहून इस्माईल चिडला. कुलसुमचा भाऊ पिंपरीला नव्या औषधाच्या कंपनीत लागला होता. त्यानं ओव्हरटाइम करून आणलेला थर्मास इस्माईलला भेट दिला होता. लाल रंगाचा, वर कप.

"आपा, ह्यो थर्मास असताना ते गाडीवानाचं पोतं कशाला? लोक हसतील."

"हसणाऱ्यांना पाणी देणार नाही," मी म्हणाले आणि छागल ट्रंकेत घातली.

कफन सगळ्यांत शेवटी बांधलं. हजला जाणारे आपलं कफन बरोबर नेतात, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवून आणतात आणि मरेपर्यंत जपून ठेवतात. मी लठ्ठ्याचं कापड ताग्यावरून फाडून घेतलं होतं. कफन शिवायचं नसतं, त्याला सुई लागत नाही. इस्माईलनं आपलं आणि माझं, दोन्ही घड्या घालून अत्तराचा फाया ठेवून बांधली. घडी घालताना त्याचा हात कापडाच्या कडेवर दोनदा थांबला. दोरे सुटलेली कड त्याला बघवत नाही.

कासारवाडीला गाडीत बसलो तेव्हा स्टेशनावर पन्नासेक माणसं होती. दिघीच्या दोन माळणी हार घेऊन आल्या होत्या. "चाची, आमच्यासाठी बी माग कायतरी," एक म्हणाली. मी विचारलं, "काय मागू?" तर म्हणाली, "सासूला जरा कमी दिसू दे." मी मागितलंही. त्याचं काय झालं ते ठाऊक नाही.

मुंबईत मुसाफिरखान्यात आठ दिवस काढले. सुया टोचून घेतल्या, कागदांवर शिक्के मारून घेतले. मग जहाज. पावसाळ्याचा समुद्र म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. तिसऱ्या दिवशी ट्रंका इकडून तिकडे घसरायला लागल्या आणि इस्माईलचा थर्मास आतून खळ्ळकन वाजला. त्यानं उलटा केला तर काचेचा चुरा पडला.  छागल खुंटीला लटकत होती. मी तिच्यातलं गार पाणी त्याच्यापुढे धरलं. कधीकधी न बोलण्यातच मजा असते.

जहाजाच्या खालच्या मजल्यावर आमच्याशेजारी रत्नागिरीकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. समुद्रावरचा माणूस, त्यांना उलटी नाही की चक्कर नाही. माझे कांदे आणि त्यांचा सुका बांगडा यावर आम्ही स्टोव्ह पेटवून पूर्ण जहाजाला वास दिला.

अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या यलमलम डोंगरासमोर जहाज आलं की भोंगा होतो. तिथं पुरुषांनी अंघोळ करून इहराम घालायचा (न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी, एक कमरेला, एक खांद्यावर, डोकं उघडं). बायकांना आपलेच अंगभर कपडे चालतात, फक्त तोंडावर कापड टेकवायचं नाही. इस्माईल चादरी लपेटून वर आला. चेहरा उजळला होता. काकांनी त्याच्या खांद्यावरची चादर चिमटीत धरली आणि कड डोळ्यांपाशी नेली.

"ह्ये काय? शिवलंव?"

चारही कडा दुमडून बारीक तुरपाई घातलेली होती. टाका दिसूही नये अशी. घरी एकटा बसून त्यानं ती घातली होती. पन्नास वर्षं ज्याचा हात कड मोकळी सोडत नाही, त्यानं ती सोडली नाही. चादरी न शिवलेल्या हव्यात हे त्याला पाठ होतं, आणि तरी कड दुमडताना आपण शिवतोय हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

"न शिवलेलं पायजे, मास्तर," काका सगळ्यांदेखत म्हणाले. "येवढं म्हायत नाय?"

इस्माईलचं तोंड पडलं. कोपऱ्यात बसून त्यानं एकेक टाका उसवला. कात्री मी दिली तर घेतली नाही, नखांनी उसवला. त्यानंतर तो माणूस बदलला. खाताना भीती, खाजवताना भीती, इहरामात केस तोडायचा नसतो, तर तो गळेल म्हणून भीती. मक्केत काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्यासारख्या बाईचेही पाय थांबले, पण हा माझ्या कानाशी पुटपुटत होता, "आपा, पयल्याच पायरीला चुकलो. कबूल व्हईल का?"

"तुझा टाका बघून कुणी हज नाकारत नाही," मी म्हणाले. त्याला पटलं नाही.

अराफातचा दिवस म्हणजे हजचा गाभा. दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत तिथं थांबायचं आणि मागायचं. आम्ही लॉरीतून सकाळी पोचलो. नजर जाईल तिथवर पांढरे तंबू आणि पांढरी माणसं, डोंगराच्या पायापर्यंत. त्या गर्दीत माझे झगे कुणाच्याही झग्यापेक्षा कमी नव्हते, हे मी बघून घेतलं. मोठं सामान मक्केत ठेवलं होतं. बरोबर गाठोडं, त्यात पंखे, कांदे आणि माझं कफन. मेले तर शोधाशोध नको. छागल खांद्याला.

नमाज झाल्यावर सगळे तंबूत आले. इस्माईल बाहेरच उभा राहिला, हात वर करून, उघड्या डोक्यानं. मी छत्री उघडून नेली.

"नको. डोकं झाकलेलं चालत न्हाई."

"छत्री डोक्याला टेकत नाही. बाकीचे धरून उभे आहेत ते दिसत नाहीत का?"

"बाकीच्यांनी इहराम शिवला नव्हता. एकदा चुकलो, आता न्हाई चुकणार."

पाणी दिलं तर घोटभर प्याला. मी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो खाली पडलेला होता.

कफन मी छागलीच्या पाण्यात पिळता येईल इतकं भिजवलं. गळ्यापासून पायापर्यंत त्याला गुंडाळलं. डोकं मोकळं ठेवलं, तोंडावरून नुसता ओला हात फिरवत राहिले. एक पंखा काकांच्या हातात दिला. "बोलायचं नंतर. आधी वारा घाला." कांदा ठेचून तळपायांना चोळला, कारण आमच्याकडे चोळतात. कापड वाळलं की पुन्हा भिजवलं. छागल संपली तेव्हा काकांनी आपली सुरई आणली आणि न विचारता ओतली. घोटभरसुद्धा पाणी त्यांनी स्वतःसाठी ठेवलं नाही.

मधेच इस्माईलला अंगावरचं कापड कळलं. तो हात झटकायला लागला. "काढा... शिवलेलं न्हाई ना... शिवलेलं..."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "तूच घडी घातली होतीस. याला सुई लागलेली नाही. गप पड."

तो गप पडला. मला वाटलं, संपलं. कपाळावर हात ठेवला तर हाताला ओल लागली. मी पुसली. पुन्हा आली. घाम होता.

सूर्य डोंगराला टेकायच्या आत त्यानं मला ओळखलं. पहिला प्रश्न, "आपा, माझी हज?"

"चालू आहे. हात वर कर आणि माग."

त्याचे हात वर होईनात. एक मी धरला, एक काकांनी.

तिसऱ्या दिवशी मक्केजवळच्या मिनेत एका जाणत्या मौलवींना मी स्वतः गाठलं आणि तुरपाईचं विचारलं. ते म्हणाले, अंगाच्या मापानं बेतून शिवलेलं चालत नाही. नुसती कड दुमडली तर काही बिघडत नाही. छत्रीलाही हरकत नाही. इस्माईल आणि काका दोघं माझ्या मागे उभे होते. दोघंही खाली बघत राहिले.

"आधी कुणी सांगितलं न्हाई," इस्माईल म्हणाला.

"कुणाला विचारलंस?"

काका घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, माझी बी चादर फाटत चाललीय. तेवढी कड दुमडून द्याल?" जहाजावर झालेल्या गोष्टीची त्यांनी एवढीच माफी मागितली. ती पुरेशी होती.

ते कफन मी नंतर झमझममध्ये भिजवलं आणि मक्केत आमच्या मुक्कामाच्या गच्चीवर वाळवलं. एका कोपऱ्याला वाळूचा तांबूस डाग राहिला, तो निघाला नाही. इस्माईल आपलं कोरं कफन माझ्यापुढे घेऊन आला. "माझं घे आपा. त्ये वापरलेलं झालं." मी घेतलं नाही. वापरून टिकलेलं कापड मला जास्त भरवशाचं वाटतं.

कासारवाडीला उतरलो तर आधीपेक्षा जास्त माणसं. मला पहिल्यांदाच कुणीतरी "हाजियाणी" म्हणून हाक मारली. मी मान ताठ ठेवून प्लॅटफॉर्मवरून चालले, पांढऱ्या झग्यात, खांद्याला छागल. घरी कुलसुमनं ट्रंक उघडली, डाग बघितला आणि सगळं ऐकून घेतलं. मग उठली, गुडघे दुखत असताना उठली, आणि माझ्या हाताचा मुका घेतला. मी हात काढून घेतला आणि चहा टाकायला सांगितलं.

आता हजला जाणारे आमच्याकडे विचारायला येतात, काय काय न्यावं. मी सांगते: पांढरे कपडे, सैल, अंगभर. स्टोव्हच्या पिना. छत्री, आणि ती उघडायची. छागल, थर्मास नव्हे. कळत नसेल ते विचारा, आणि ज्याला कळतं त्याला विचारा. कफन तळाशी बांधू नका, हाताशी ठेवा.

त्या दुपारी आमच्या तळावर ऊन लागून चार जण पडले. तिघांना तिथंच पुरलं. चौथा इस्माईल. तो जगला.